तुरीच्या रानावरची वाट

सोलापूर सोडलं की हैदराबादचा रस्ता नळदुर्ग, उमरगा करत कर्नाटकात शिरतो आणि बीदर जिल्हा ओलांडून झहीराबादकडे निघून जातो. पुण्याहून मछलीपट्टणला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ६५. बहुतेक मराठी माणसांच्या लेखी तो हैदराबादला पोचवणारा रस्ता. मधे बसवकल्याणचा फाटा, हुमनाबाद, तिथे गाडी थांबते ती चहापुरती.

याच रस्त्याच्या डोक्यावर, तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर, आणखी एक वाट आहे. हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बलून केंद्रातून सोडलेले अजस्र फुगे त्या वाटेने जातात. काम संपलं की त्यांना टांगलेल्या उपकरणांच्या पेट्या रंगीत पॅराशूटला लटकत खाली येतात. संस्थेच्या जाहीर सूचनेत ही वाट विशाखापट्टण-हैदराबाद-सोलापूर अशी एका रेषेत सांगितलेली असते. थंडी सुरू झाली की ती सूचना वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर छापून येते: आकाशातून अशी पेटी उतरलेली दिसली तर हात लावू नका, उघडू नका, आत उच्च दाबाची वीज असू शकते, पेटीवर पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक आहे, तिथे किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा.

मी ही सूचना वर्षानुवर्षं वाचत आलो. त्याच सुमारास श्रीहरिकोट्याच्या रॉकेटचा माग उपग्रहांच्या मदतीने कसा ठेवतात, याविषयीही वाचत होतो. दोन्हींचा प्रश्न एकच आहे. माणसाने आभाळात सोडलेली वस्तू या क्षणी नेमकी कुठे आहे, आणि ती पडली तर कुणाच्या डोक्यावर? म्हणून या वेळी ठरवलं, की हैदराबादला पोचायची घाई करायची नाही. त्या वाटेखालची जमीन पाहायची.

उमरगा मागे पडला तेव्हा तुरीची काढणी जोरात होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या तुरीच्या पेंढ्या उभ्या करून ठेवलेल्या, मधेच एखादं मळणीयंत्र भुसा उडवत चाललेलं. कलबुर्गीची तूर डाळ आता भौगोलिक मानांकन मिळालेली आहे, पण तूर काही जिल्ह्याची हद्द ओळखत नाही. लातूर, बीदर, कलबुर्गी हा सगळा एकच पट्टा. भाषेचंही तसंच. बसवकल्याण, भालकी, औराद या तालुक्यांत दुकानाची पाटी कन्नडमध्ये आणि गल्ल्यावरचा हिशेब मराठीत, असं सर्रास दिसतं. १९५६ साली हैदराबाद राज्याचे तुकडे पडले तेव्हा मराठवाडा एकीकडे गेला आणि हे तालुके दुसरीकडे. सोयरिकी मात्र आजही सीमा ओलांडून होतात.

बसवकल्याण म्हणजे चालुक्यांचं कल्याण. सहाव्या विक्रमादित्याची ही राजधानी. विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' त्याच्याच राजवटीत लिहिली. पुढे बसवेश्वरांचा अनुभवमंटप इथलाच. या गावावर स्वतंत्र लिहायला हवं, इथे फक्त वाटेवरचा मुक्काम. हुमनाबादला माणिकप्रभूंच्या माणिकनगरात दर्शन घेतलं आणि जलसंगीची वाट धरली.

जलसंगी हे हुमनाबाद तालुक्यातलं छोटं गाव. शिल्पकलेचे अभ्यासक ते एका मूर्तीसाठी ओळखतात. गावात चालुक्यकालीन शिवमंदिर आहे, त्याच्या बाहेरच्या भिंतीवर मदनिकांची रांग आहे आणि त्यातली एक लिहिते आहे. हात उचललेला, बोटांत लेखणी आणि शेजारी शिळा. त्या शिळेवरची अक्षरं नुसत्या रेघा नाहीत. ती खरी, वाचता येणारी अक्षरं आहेत. विक्रमादित्याच्या पराक्रमाची स्तुती तिच्या हातून लिहवून घेतली आहे. जवळ जाऊन पाहिलं तर दगडातला कोरीव दागिना नऊशे वर्षांच्या उन्हापावसाने बोथट झालेला दिसतो, पण मनगटाचा वळसा अजून जिवंत आहे.

जानेवारी २०२५ मध्ये या गावाचं नाव वेगळ्याच कारणाने बातम्यांत आलं. सकाळी सकाळी एक भला मोठा फुगा आणि त्याला बांधलेलं यंत्र इथल्या एका घरापाशी येऊन पडलं. फुगा आदल्या रात्री हैदराबादहून सोडलेला. मंदिरासमोर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारलं, "काका, तो फुगा पडला तेव्हा तुम्ही गावातच होता का?"

"व्हय की," ते म्हणाले. मराठी-कन्नड मिसळून बोलत होते. "लाल दिवा लागत होता, विझत होता. बॉम्ब असंल म्हणून कुणी जवळ जाईना. मंग पोलीस आले. सोबत कागद होता, तो वाचला तवा कळलं, शास्त्रज्ञांचं हाय म्हणून." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "त्यांना तिकडं हैदराबादेत बसून दिसत होतं म्हणत्यात, कुठं पडणार ते. मंग आमाला कुणी का नाही सांगितलं?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी त्यांना तिकडे बसून कसं दिसतं, हे समजून घ्यायला हवं.

फुग्यांची ही परंपरा होमी भाभांपासूनची. विश्वकिरणांचा अभ्यास करायचा तर वातावरणाच्या वर जायला हवं, आणि त्या काळात उपकरणं वर न्यायचा तोच एक आवाक्यातला मार्ग होता. १९४५ मध्ये टाटा संस्था स्थापन झाली, पुढच्या दशकात प्लास्टिकचे फुगे आले आणि १९६९ मध्ये हैदराबादला कायमचं केंद्र उभं राहिलं. हैदराबादच का? एक तर हे ठिकाण पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या जवळ. तिथे कमी ऊर्जेचे विश्वकिरण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रच परतवून लावतं, त्यामुळे क्ष-किरण आणि गॅमा किरणांच्या मोजमापात व्यत्यय कमी. दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंना समुद्र पुष्कळ लांब. पेटी जमिनीवरच उतरते आणि परत मिळते. परत मिळणं फार महत्त्वाचं, कारण एकेका उपकरणामागे काही वर्षांचं काम असतं.

जयंत नारळीकरांचा प्रयोग पुष्कळांना आठवत असेल. २० एप्रिल २००५ रोजी याच केंद्रातून २ कोटी ६७ लाख घनफुटांचा फुगा ४५९ किलोची उपकरणं घेऊन वर गेला. पोलादी नळकांडी निर्जंतुक करून, आतली हवा काढून, द्रवरूप निऑनमध्ये बुडवून ठेवलेली होती. २० ते ४१ किलोमीटरच्या दरम्यान वेगवेगळ्या उंचीवर ती उघडली, हवा आत घेतली आणि बंद झाली. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात आणि हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात नमुने तपासले, तेव्हा त्यात जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला आर्यभटाचं. हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं त्यावरून सिद्ध होत नाही, हेही इस्रोने स्पष्ट सांगितलं. आता विचार करा, ही नळकांडी कुणाच्या तरी रानात उतरली आणि कुणीतरी उत्सुकतेपोटी त्यांचं झाकण उघडलं असतं, तर?

फुगा स्वतः जातो कुठे? वारा नेईल तिकडे. त्याला सुकाणू नाही. तळाकडचा वारा एका दिशेचा, पंधरा किलोमीटरवरचा दुसऱ्या दिशेचा, पस्तीस किलोमीटरवरचा तिसऱ्याच. पावसाळ्यात पंधराएक किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून येणारा वाऱ्याचा जोरदार झोत दक्षिण भारतावर असतो, तेव्हा ही मोठी उड्डाणं होत नाहीत; हिवाळा ते उन्हाळ्याची सुरुवात हा त्यांचा मोसम. रात्री आठ ते सकाळी साडेसहाच्या दरम्यान फुगा सोडतात, तो काही तास ते दहाएक तास वर तरंगतो. त्यानंतर केंद्रातून रेडिओने आज्ञा जाते, पेटी फुग्यापासून सुटते, पॅराशूट उघडतं आणि अर्ध्या-पाऊण तासात ती जमिनीला लागते. आज्ञा कधी द्यायची हाच काय तो हातातला निर्णय, आणि त्यासाठी फुगा आत्ता कुठे आहे हे मिनिटामिनिटाला कळायला हवं.

पूर्वी हे दुर्बिणीने पाहत, थिओडोलाइटने कोन मोजत, पुढे रडारने. म्हणजे जमिनीवरचा माणूस वस्तूकडे पाहायचा. उपग्रह दिशादर्शनाने ही दिशाच उलटवली. आता वस्तू स्वतः आकाशाकडे पाहते, आपण कुठे आहोत ते काढते आणि रेडिओने खाली कळवते. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत दोनच गोष्टी सांगत असतात: मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले. संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून अंतर निघतं. चार उपग्रहांची अंतरं मिळाली की रेखांश, अक्षांश, उंची आणि आपल्या घड्याळाची चूक, या चारही गोष्टी सुटतात. वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तर जागेत ३०० मीटरची होते. म्हणून उपग्रहात अणुघड्याळ हवं.

फुग्याचं आणि रॉकेटचं नातं मला इथे सापडलं. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेने ठरवलं, की कुणी बाजारातलं जीपीएस यंत्र विकत घेऊन क्षेपणास्त्राला लावू नये. १८ किलोमीटर उंची आणि सेकंदाला ५१५ मीटर वेग, यापलीकडे काम करणाऱ्या यंत्रांवर निर्यातीचे निर्बंध आले. हेतू असा, की दोन्ही मर्यादा एकदम ओलांडल्या तर यंत्राने गप्प बसावं. पण बऱ्याच कारखानदारांनी दोन्हींपैकी कुठलीही एक ओलांडली तरी यंत्र बंद पडेल अशी सोय केली. फुगा बिचारा वाऱ्याच्या वेगाने चाललेला, क्षेपणास्त्राशी त्याचा काही संबंध नाही. तरी अठरा किलोमीटर चढला की यंत्र मुकं व्हायचं आणि उतरताना त्याच उंचीवर पुन्हा बोलू लागायचं. हौसेने फुगे उडवणाऱ्या जगभरच्या मंडळींनी कुठलं यंत्र वर चालतं आणि कुठलं नाही, याच्या याद्या करून ठेवल्या आहेत. मोठ्या केंद्रांना अर्थात खास यंत्रं मिळतात. इतक्या साध्या वस्तूलाही क्षेपणास्त्राची सावली चिकटलेली आहे, हे मला विसरता येत नाही.

रॉकेटचं गणित फुग्यापेक्षा कितीतरी अवघड. फुग्यावरच्या यंत्राला रात्रभराचा निवांत वेळ असतो. रॉकेट सतरा-अठरा मिनिटांत शून्यापासून सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वेगाला पोचतं. वेग बदलला की येणाऱ्या संदेशाची कंप्रताही बदलते. जमिनीवर उभ्या असलेल्या मोबाइलसाठी जीपीएसच्या लहरींतला हा फरक पाच किलोहर्ट्झच्या आसपास राहतो. रॉकेटला तो कित्येक पट जास्त आणि प्रत्येक सेकंदाला वेगळा. बाजारातलं यंत्र ठरलेल्या पट्ट्यातच संदेश शोधतं. संदेश त्या पट्ट्याबाहेर गेला की यंत्राला काही ऐकू येत नाही. टप्पा सुटताना धक्का बसतो, पकडलेला संदेश निसटतो, तो काही सेकंदांत परत पकडावा लागतो. रॉकेट स्वतःभोवती वळलं तर एका बाजूचा अँटेना पृथ्वीकडे तोंड करतो, म्हणून दोन्ही बाजूंना अँटेना लावावे लागतात. शेपटाकडच्या तापलेल्या, विद्युतभारित वायूतून लहरी क्षीण होऊन येतात.

म्हणून रॉकेटवर दोन यंत्रणा जोडीने चालतात. एक आतली: जायरोस्कोप आणि त्वरणमापक. ती बाहेर कुणालाच विचारत नाही, त्यामुळे कधी अडत नाही. पण तिची लहान लहान चूक साठत जाते. दुसरी उपग्रहांची: तिची चूक साठत नाही, पण संदेश अधूनमधून तुटू शकतो. संगणक दोघींचं ऐकतो आणि एकीची उणीव दुसरीने भरून काढतो.

श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या रॉकेटवर जमिनीवरून रडारची नजर आजही असते. पृथ्वी गोल असल्यामुळे थोड्याच वेळात ते क्षितिजाखाली जातं आणि मग पुढची ठाणी लागतात: पोर्ट ब्लेअर, ब्रुनेई, इंडोनेशियातलं बियाक. दक्षिणेकडच्या उड्डाणांना तिरुवनंतपुरम, मॉरिशस. उपग्रह दिशादर्शन आलं म्हणून ही ठाणी बंद झाली नाहीत. रॉकेटने सांगितलेलं ऐकायला कुणीतरी लागतंच. फरक असा, की आता ठाण्याने मोजायचं थोडं आणि ऐकायचं जास्त.

हे सगळं कशासाठी? उपग्रह नेमक्या कक्षेत पोचावा, हे एक. दुसरं कारण जमिनीवरच्या माणसांचं. उड्डाण चालू असताना सुरक्षा अधिकाऱ्यासमोरच्या पडद्यावर एक ठिपका सरकत असतो. इंजिन या क्षणी बंद पडलं तर रॉकेटचे तुकडे कुठे पडतील, ते तो ठिपका दाखवतो. ठिपका आखून दिलेल्या रेषेबाहेर, वस्तीच्या दिशेने जाऊ लागला तर रॉकेट हवेतच नष्ट करायची आज्ञा द्यावी लागते. २५ डिसेंबर २०१० रोजी जीएसएलव्ही-एफ०६ उड्डाणानंतर मिनिटभरातच भरकटलं, तेव्हा ती द्यावी लागली. अवशेष बंगालच्या उपसागरात पडले, कुणाला इजा झाली नाही.

जमिनीवरच्या कानांवर विसंबण्यातला धोका न्यूझीलंडमध्ये दिसला. २५ मे २०१७ रोजी रॉकेट लॅबचं पहिलं इलेक्ट्रॉन माहिया द्वीपकल्पावरून सुटलं आणि छान चाललं होतं. चौथ्या मिनिटाला, २२४ किलोमीटर उंचीवर असताना, जमिनीवरच्या एका यंत्रातल्या चुकीच्या जुळणीमुळे माहिती येणं थांबलं. रॉकेट कुठे आहे ते कळेना, म्हणून नियमाप्रमाणे उड्डाण संपवलं. रॉकेटमध्ये काडीचाही दोष नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पेसएक्सने फाल्कन ९ वर दुसरी पद्धत वापरली होती. नष्ट व्हायचं की नाही, याचा निर्णय रॉकेटवरचा संगणकच आपली जागा उपग्रहांच्या मदतीने ताडून घेतो. जमिनीवरची मोठी फौज त्यामुळे कमी झाली. हा निर्णय यंत्रावर सोपवणं मला पटायला वेळ लागला. इलेक्ट्रॉनचा किस्सा कळल्यावर पटलं.

आपलं स्वतःचं दिशादर्शन म्हणजे 'नाविक'. १ जुलै २०१३ रोजी त्यातला पहिला उपग्रह गेला. भारत आणि भोवतालचा पंधराशे किलोमीटरचा परिसर एवढंच त्याचं क्षेत्र; त्यातले काही उपग्रह विषुववृत्तावर स्थिर, त्यामुळे बीदरच्या आभाळात ते दिवसरात्र एकाच जागी असतात. यंत्रणेला सगळ्यात जास्त सतावलं ते आयात केलेल्या अणुघड्याळांनी. एकामागून एक घड्याळं बंद पडली आणि ते उपग्रह जागा सांगायला निरुपयोगी झाले. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये भारतात बनलेलं रुबिडियम घड्याळ आहे. जानेवारी २०२५ च्या अखेरीस एनव्हीएस-०२ सुटला. श्रीहरिकोट्याचं ते शंभरावं उड्डाण होतं. रॉकेटने आपलं काम चोख केलं, पण उपग्रहाला पुढच्या कक्षेत नेता आलं नाही. ही यंत्रणा आपल्या हातात पूर्ण आणि भरवशाची असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. जागा सांगणारं घड्याळ दुसऱ्याचं असलं की आपली जागाही दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

बीदरला पोचलो तेव्हा किल्ल्याचा जांभा संध्याकाळच्या उन्हात लालभडक झाला होता. महमूद गावानचा मदरसा, १४७२ सालचा, निळ्या-हिरव्या चकाकत्या फरशांचे उरलेसुरले तुकडे अंगावर घेऊन उभा. शहराला हवाई दलाचा मोठा प्रशिक्षण तळ आहे, आकाशात विमानांचा आवाज नित्याचाच. फुगा सोडायचा असला की विमान वाहतुकीला आधी कळवतात, वैमानिकांसाठी सूचना निघते, अमुक वेळेत अमुक भागात सावध राहा. आभाळातल्या माणसाला खबर असते.

समुद्रावरच्या माणसालाही असते. श्रीहरिकोट्याहून उड्डाण असलं की आसपासच्या मच्छीमारांना समुद्रात न जाण्याच्या सूचना दिल्या जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'जेमिनी' नावाचं छोटं यंत्र आलं. किनाऱ्यापासून लांब, मोबाइलचा टॉवर नसलेल्या ठिकाणी होडीतल्या माणसाला 'गगन' यंत्रणेच्या उपग्रहांमार्फत वादळाची आणि लाटांची सूचना मिळते. ती सूचना तयार करणारं महासागर माहिती सेवा केंद्र हैदराबादेतच आहे, बलून केंद्राच्या शहरात.

बीदरहून कलबुर्गीला रेल्वेने गेलो. हा मार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात पूर्ण झाला; त्यासाठी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली. पठार उतरताना लांब बोगदा लागतो, बाहेर पडल्यावर पुन्हा तूर आणि ज्वारी. डब्यात गाणगापूरला निघालेली लातूरकडची मंडळी होती. माझा रोख मात्र पूर्वेकडे, सेडम-चिंचोळीच्या बाजूला. आपल्या घराघरांत असते ती शहाबादी फरशी याच जिल्ह्यातली. रस्त्यालगत खाणींचे आयताकृती खड्डे, थर उचलून काढलेले, काहींत हिरवट पाणी साठलेलं. पॅराशूटला लटकलेली पेटी अशा खड्ड्यात पडली तर? विहिरीत, विजेच्या तारांवर पडली तर? पेटीखाली लांब दोर असतो, तो खाली ओघळत येतो. वाऱ्यावर आलेली वस्तू जागा निवडत नाही.

चिंचोळीपलीकडे तेलंगणाची हद्द. तिथल्या विकाराबाद जिल्ह्यातल्या मोगिलीगुंडला गावात डिसेंबर २०२२ मध्ये चक्क एक कुपी उतरली. स्पेनच्या हॅलो स्पेस कंपनीला अशा कुपीत प्रवासी बसवून फुग्याने उंचावर न्यायचे आहेत. कुपीची रिकामी चाचणी हैदराबादहून झाली, ३७ किलोमीटर उंची गाठून कुपी शेतात टेकली आणि आसपासच्या गावांतून माणसं लोटली.

या पेट्या निदान स्वतःची जागा सांगत येतात. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भ-खानदेशाच्या आभाळातून जळते गोळे गेलेले अनेकांनी पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास गोळेही सापडले. चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा तो वर्षभर फिरत राहिलेला तिसरा टप्पा असावा, असं अभ्यासकांनी सांगितलं. बॅटरी संपलेला, मुका टप्पा. तो आपली जागा कुणाला सांगू शकत नव्हता. जमिनीवरच्या रडारांनी अधूनमधून पाहिलेलं तेवढंच, आणि वातावरणात शिरायच्या वेळेचा अंदाज काही तासांनी चुकू शकतो. इतक्या वेगाच्या वस्तूच्या बाबतीत काही तास म्हणजे पृथ्वीभोवती एकाहून अधिक फेऱ्या. लाडबोरीला कुणी आधी सांगू शकलं नसतं, हे मान्य करावं लागतं.

जलसंगीचं तसं नाही. तिथे पेटी खाली येऊ लागली तेव्हापासून ती कुठे चालली आहे, हे हैदराबादला कळण्याची सोय होती. वाऱ्याचा अंदाज घेऊन ती कुठल्या तालुक्यात टेकणार, हे अर्धा तास आधी बांधता येतं. शोधपथक गाडीने निघालेलं असतं, वैमानिकांना सूचना गेलेली असते. अंधारात राहतो तो खाली उभा असलेला माणूस. काही महिन्यांपूर्वी आतल्या पानावर आलेली सूचना त्या पहाटे त्याच्या उपयोगाची नसते.

आणि त्याला वेळेवर सांगायला अवघड काही लागत नाही. २०२३ मध्ये आपल्या सगळ्यांचे मोबाइल एकदम कर्कश वाजले होते, पडद्यावर आपत्तीच्या चाचणीचा संदेश आला होता. ठरावीक टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकाच वेळी संदेश धाडण्याची ती सोय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आहे. फुग्याच्या पेटीसाठी इतका कर्कश आवाजही नको. ज्या तालुक्यात पेटी उतरते आहे तिथल्या फोनवर साधा संदेश पुरे: शास्त्रीय उपकरण पॅराशूटने येत आहे, घाबरू नका, लांब थांबा, या क्रमांकावर कळवा. सूचनेत कळवणाऱ्याला योग्य बक्षीस देण्याचं आणि छेडछाड केल्यास ते न देण्याचं म्हटलेलं असतं. त्या जोडीला आणखी एक ओळ हवी, उभ्या पिकाचं किंवा घराच्या पत्र्याचं नुकसान झालं तर भरपाई कुठे मागायची. जलसंगीच्या काकांना मी हे सगळं जमेल तसं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पहिली शंका काढली ती भाषेची. इंग्रजीत आला तर गावात कोण वाचणार? विकाराबादला तेलुगू, लातूर-नांदेडला मराठी आणि इथे हुमनाबाद-भालकीला, ते म्हणाले, दोन्ही पाहिजेत, कन्नड वर आणि मराठी खाली.